धूर उजवीकडे का झुकला

मित्रांनो, मला हातात घेणार असाल तर अंगठा जरा जपून ठेवा. माझ्या डाव्या कोपऱ्याची काच फुटलेली आहे. मी सात वर्षांचा फोन आहे. तुमच्यात हे वय दुधाचे दात पडण्याचं, आमच्यात म्हातारपणाचं. माझी बॅटरी दुपारीच दमते आणि पलीकडच्या माणसाचा आवाज मधूनच घशात अडकतो. डोळा मात्र अजून स्वच्छ आहे. त्या डोळ्याने जे पाहिलं त्याला आता वर्ष होईल, पण धक्का काही ओसरलेला नाही.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. टोप्या आणि हातमोजे घातलेल्या माणसांनी माझे सुटे भाग जोडले. एका बाईंनी माझा डोळा बसवला, त्यावरची धूळ फुंकून उडवली आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या कागदासमोर मला धरलं. मी चौकटी सरळ दाखवल्या, म्हणून पास झालो. जे समोर आहे ते जसंच्या तसं दाखवायचं, एवढं एकच शिक्षण मला मिळालं.

मला ताईने घेतलं. ताई कवळ्या आणि नकली दात बनवणाऱ्या कार्यशाळेत काम करते. तिच्याकडची माझी पहिली चार वर्षं लोकांचे दात बघण्यात गेली. कुणाच्या दाताची छटा किती पिवळी, कुणाची किती राखाडी, हे माझ्या फोटोवरून ठरायचं आणि नवा दात जुन्यांच्या रांगेत बेमालूम बसायचा. "याचा डोळा खोटं बोलत नाही," असं तिथले मोठे कारागीर म्हणायचे. त्यांना सगळे काका म्हणतात. मग कार्यशाळेत खास त्या कामाचा कॅमेरा आला आणि मी नुसता बोलण्यापुरता उरलो. त्याच सुमारास टेबलावरून पडून माझा कोपरा फुटला. कुणाला फारसं वाईट वाटलं नाही.

घरी ताई आणि तिची आत्या अशा दोघीच. आत्या कपडे शिवते. खोल्या तीन, एका ओळीत: डावीकडे बाथरूम, मधली आत्याची खोली, उजवीकडे स्वयंपाकघर. आत्याच्या खोलीतच तिचं शिलाई मशीन, तिथेच पलंग, आणि गेल्या वर्षीपासून तिथेच ताईचा नवा छंद.

ताईला धुराचे रंगीत फोटो काढायचे होते. तिने भिंतीवर काळं कापड लावलं. टेबलावर मातीच्या गोळ्यात उदबत्ती खोचली. बाजूला टेबललॅम्प ठेवून त्याला पुठ्ठा लावला, म्हणजे उजेड धुरावर पडावा, कापडावर पडू नये. मला पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभं केलं. धुरावर नजर ठरत नाही, म्हणून धुराच्या जागी आधी पट्टी धरायची, माझी नजर तिच्यावर पक्की करायची, मग पट्टी काढून घ्यायची. हे सगळं ती दात घासून गुळगुळीत करावा तितक्या सावकाश करायची.

फोटोत पांढुरका, निळसर झाक असलेला धूर आला, जसा होता तसा. मग ताईने बोटाच्या दोन फटक्यांत त्याच्या अंगावर जांभळा रंग ओतला आणि शेंड्याला नारिंगी. मी हादरलो. असा धूर मी पाहिलाच नव्हता, आणि तो माझ्या नावावर जमा होत होता.

"अगं, हे रंग कुठून आले?" आत्याने चष्मा सावरत विचारलं.

"धूर तोच आहे आत्या, फक्त कपडे चढवलेत."

"मग मापं मला न विचारता कशी घेतलीस?"

दोघी हसल्या. माझं मात्र मन लागेना.

अडचण एकच होती. वाऱ्याची झुळूक आली की धूर विस्कटायचा. खोलीच्या झरोक्यातून हवा यायची, बाथरूमच्या काचेच्या झडपांमधून यायची, मुख्य दाराखालूनही यायची. ताई वैतागली. तेव्हा आत्याने मशीनवर बसून झरोक्याला आणि झडपांना काळ्या कापडाच्या दुपदरी खोळी शिवल्या. कडेला इलॅस्टिक, चारही कोपऱ्यांना हुक. मुख्य दाराखाली कापूस भरलेली वळकटी बसवली.

"एवढ्या चांगल्या?" ताई म्हणाली.

"चाळीस वर्षं माणसांना मापात बसवतेय. भिंत तर हलतही नाही."

त्या खोळींमधून खरोखरच हवेचा धागासुद्धा आत येईना.

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. ताई सकाळी कामावर जाण्याआधी अर्धा तास फोटो काढायची, आणि रविवारी दुपारी. दुपारचा धूर काठीसारखा सरळ वर जायचा. सकाळचा मात्र थोडा वर जाऊन उजवीकडे झुकायचा आणि एका लांब वळणाने पदर पसरावा तसा वाहायचा. सकाळचेच फोटो सगळ्यांना आवडले. त्यातल्या निळ्या-हिरव्या फोटोला ताईने 'वेणी' नाव दिलं, आणि तो कलादालनातल्या प्रदर्शनासाठी निवडला गेला. शेजारच्या काकू, ज्यांना आत्या पाठीमागे चौकशीबाई म्हणते, त्या तो बघायला तीनदा आल्या. "या फुटक्या फोनातून हे निघालं?" असं त्या दर वेळी म्हणाल्या. मी फुशारलो. रंगांबद्दलची माझी तक्रारही मी गिळून टाकली.

याच दिवसांत आत्याचं डोकं दुखायला लागलं.

सकाळी कपाळ ठणकायचं, मळमळायचं. बाजारात जाऊन आली की बरं वाटायचं. "बाहेर भटकायला मिळालं की हिचं डोकं उतरतं," अशी ताई चेष्टा करायची. डॉक्टर म्हणाले, उदबत्तीचा धूर बंद करून बघा. ताईने आठवडाभर उदबत्ती लावली नाही. खोळी मात्र भिंतीवर तशाच राहिल्या. त्या काढायच्या असतात हे कुणाच्या मनातही आलं नाही. डोकं दुखतच राहिलं. मग डॉक्टर वयाकडे वळले.

एके दिवशी आत्याने एका झग्याची डावी बाही उजवीकडे बसवली. गिऱ्हाईकाने झगा परत आणून दाखवला, तेव्हा आत्याने ती बाही उसवली. त्या संध्याकाळी तिने मशीनवर झाकण ठेवलं.

"शाळेच्या पडद्यांचं काम घेतलंय, तेवढं उरकते. मग मशीन कुणाला तरी देऊन टाक."

"एका बाहीसाठी?"

"बाहीसाठी नाही गं. बाही चुकलीय हे मला कळलं नाही, म्हणून. उद्या गॅस चालू ठेवून विसरेन, परवा तुझं नाव विसरेन. ज्या बाईला डावं-उजवं कळत नाही, तिने कात्री हातात धरू नये."

ताईने बरीच समजूत घातली. आत्या ऐकून घेत होती, म्हणजे ऐकत नव्हती.

दोन दिवसांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ताई कार्यशाळेत काकांना माझ्यातले फोटो दाखवत होती. काका घास चावत एकेक फोटो सरकवत होते. 'वेणी'पाशी त्यांचं बोट थांबलं.

"खिडकी उघडी होती का गं?"

"छे. सगळं बंद. धुराला हवा चालत नाही, काका."

"मग हा कुणाच्या सांगण्यावरून वाकलाय?"

ताई हसायला लागली. काका हसले नाहीत. "आपल्या बर्नरवरची चिमणी बंद पडली की धूर असाच आडवा पळतो. बंद खोलीत धूर सरळ जातो. वाकला, म्हणजे कुठून तरी हवा येतेय आणि कुठे तरी जातेय."

ताईने मला त्यांच्या हातातून घेतलं. फोटो काढल्याची वेळ मी प्रत्येक फोटोबरोबर नोंदवून ठेवतो. ती वेळ तोवर कुणी पाहिली नव्हती. ताईने फोटो वेळेप्रमाणे लावले. रविवारच्या दुपारचे सगळे सरळ. सकाळचे एक्केचाळीस, आणि एक्केचाळीसही उजवीकडे वाकलेले. बाथरूमकडून स्वयंपाकघराकडे.

माझ्या काचेवरचं तिचं बोट गार पडलं. सकाळी आंघोळीसाठी बाथरूममधला गॅसचा गीझर चालू असतो. त्याच वेळी स्वयंपाकघरातला पंखा घरातली हवा बाहेर फेकत असतो. त्या हवेची जागा घ्यायला बाहेरून हवा यायला हवी, आणि घराची सगळी भोकं आत्याने मापात शिवून बंद केलेली. उघडी राहिली होती ती एकच वाट: गीझरची जळकी हवा बाहेर नेणारी नळी. हवा त्या नळीतून उलटी आत येत होती. गीझरचा विषारी वायू बाहेर जायचा सोडून बाथरूमच्या दाराखालून आत्याच्या खोलीत येत होता. मला नाक नाही मित्रांनो, पण असतं तरी उपयोग नव्हता. त्या वायूला वासच नसतो.

तो रोज माझ्या डोळ्यासमोरून जात होता. तो स्वतः दिसत नाही, पण जाताना धुराला ढकलत होता. त्या ढकलण्याला आम्ही वेणी म्हटलं, हिरवा रंग दिला आणि प्रदर्शनात टांगलं.

"काका, आज तिने पडद्यांचं कापड भिजवायला काढलंय," ताई म्हणाली. सुती कापड बेतण्याआधी गरम पाण्यात भिजवून आटवून घ्यावं लागतं. अख्ख्या शाळेचे पडदे. म्हणजे गीझर सकाळपासून चालू.

तिने घरचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पलीकडे कुणीही घेत नसलेल्या घंटेचा आवाज मी आयुष्यात हजारदा ऐकला आहे. तो इतका भयंकर असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. मग तिने काकूंना लावला. त्यांच्याकडे घराची किल्ली असते.

"काकू, आत्याकडे जा. आत्ता, पळत. दार सताड उघडं ठेवा आणि फोन बंद करू नका."

चौकशीबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला, मग किल्लीचा, मग दार भिंतीवर आपटल्याचा.

"अगं, ही खाली पडलीय. बाथरूमच्या दाराशी. डोळे मिटलेत."

"श्वास आहे?"

"आहे. आहे गं."

"बाहेर ओढा तिला. आधी बाहेर, बाकी नंतर."

काकू तशा काटकुळ्या. फरशीवर काहीतरी जड घसटत गेल्याचा आवाज आला, आणि धापा. शेजाऱ्यांना मारलेली हाक आली. आत्या जिन्यातल्या हवेत पोचली तेव्हा काका दुसऱ्या फोनवरून रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होते. श्वास रोखून परत आत गेलेल्या काकूंनी गीझर आणि पंखा बंद केला, पण झडपांवरची खोळ त्यांच्याने निघेना. हुक घट्ट, शिवण त्याहून घट्ट. शेवटी त्यांनी मशीनवरची कात्री उचलून ती खोळ उभी फाडली. कापड फाटल्याचा तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

संध्याकाळी दवाखान्यात आत्याच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. उशीर झाला असता तर, एवढं म्हणून डॉक्टर थांबले. ताई कॉटच्या कडेला बसून होती.

"मी मारलं असतं गं तुला," ती म्हणाली. "फोटोसाठी."

आत्याने मुखवटा जरासा बाजूला केला. "शिवलं कुणी?"

"तू."

"मग निम्मं निम्मं." मुखवटा तसाच धरून तिने विचारलं, "म्हणजे ती बाही... ते वय नव्हतं?"

"वय नव्हतं आत्या. वायू होता."

आत्याने मुखवटा पुन्हा नीट लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. मी त्यांचा फोटो काढला नाही. ताईने काढू दिलाही नसता.

मिस्त्रीने गीझर काढून बाहेरच्या उघड्या सज्जात बसवला. उरलेली खोळही निघाली. दोन आठवड्यांनी मशीनवरचं झाकण उठलं आणि शाळेला पडदे पोचले. ताई कलादालनात गेली, तिने 'वेणी' उतरवली आणि तिच्या जागी तोच फोटो रंगाशिवाय लावला. धूर या बाजूला का वाकला आहे, ते खाली लिहिलं. लोक आधीच्यापेक्षा जास्त वेळ थांबून बघू लागले, आणि त्यातले काही घाईघाईने घरी गेले.

ताई अजून धुराचे फोटो काढते, खिडकी सताड उघडी ठेवून. धूर सैरावैरा पळतो. शंभरातला एखादा जमतो. परवा आत्या म्हणाली, "आज तर नुसती धुराची केरसुणी आलीय." ताईने तीही ठेवून दिली.

मित्रांनो, आम्हाला जपा, काच पुसा, उंचावरून पाडू नका, हे तर आहेच. पण माझी विनंती वेगळी आहे. फोटोसाठी खोलीचा श्वास कोंडू नका. फोटो हलला तर हलू द्या. आणि घरातलं एखादं माणूस रोज म्हणत असेल की डोकं दुखतंय, तर वयाचं नाव घेण्याआधी त्याच्या खोलीत जाऊन बसा, हवा कुठून येते ते बघा. मी एक्केचाळीस वेळा पाहिलं आणि मला एकदाही सांगता आलं नाही. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.