फरशी पुसायची बादली

शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीशी सहा बरण्या होत्या, आणि त्या सहा बरण्यांनी मावशींना बांधून घातलं होतं. मावशी म्हणजे तिथल्या मदतनीस. बरण्यांत पाणपिसवा असायच्या, तिळाएवढ्या, आरपार दिसणाऱ्या. एक पिसू थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की तिचं काळीज धडधडताना दिसतं. पोरं ठोक्यागणिक कागदावर पेन्सिलीचं टिंब मारत बसायची, गार पाण्यात किती, कोमट पाण्यात किती. एरवी धुडगूस घालणारं कार्टंसुद्धा तेवढा वेळ श्वास धरून असायचं. प्रयोग झाला की पिसू परत बरणीत गेली पाहिजे, हा मावशींचा दंडक होता.

दुसऱ्या शाळांत आठवड्यात बरण्या ओस पडायच्या. इथे बावीस वर्षं नांदत्या. सगळे म्हणायचे, मावशींच्या हाताला गुण आहे. मावशी तोंडाने नको नको म्हणायच्या, पण अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्या गुणाचाच आता गळफास झाला होता. लेकीचं पहिलं बाळंतपण दहा दिवसांवर आलं होतं. जावई बोटीवर, सासू कधीच गेलेली, परक्या गावात पोर एकटी. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायला बंदी केली होती. रोज फोनवर विचारायची, आई, निघालीस का? बाळाला अंघोळ तूच घालायचीस हं, मला धीर होणार नाही. आणि मावशी रोज म्हणायच्या, निघतेच आता.

निघतात कुठल्या! रजेचा अर्ज तीनदा केला, तीनदा परत आला. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मनाने वाईट नव्हत्या. पण पुढच्या महिन्यात प्रात्यक्षिक परीक्षा, मुलं एकशे वीस, आणि पिसवा मेल्या तर त्यांनी ठोके मोजायचे कोणाचे, शिपायाचे? मावशींनी जीवशास्त्राच्या सरांचं नाव सुचवून पाहिलं. सर शिकवायचे झकास, पण त्यांना पुस्तकातली पिसू ठाऊक, बरणीतली नाही. मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मागच्या वेळी नवीवर सोपवलं होतं," त्या म्हणाल्या. "काय झालं, विसरलात का?"

ते विसरता आलं असतं तर मावशींना दोन घास गोड लागले असते.

नवी म्हणजे तीन वर्षांपूर्वी मदतीला घेतलेली मुलगी. आठ महिने राहिली तरी सगळ्यांच्या तोंडी नवीच राहिली. चुणचुणीत, हसरी. पोरं तिच्याभोवती गोळा व्हायची, आणि खोटं कशाला बोला, मावशींच्या पोटात दुखायचं. डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना मावशींनी तिला सगळं दाखवलं: यीस्टचे थेंब किती, ऊन किती, पाणी कधी बदलायचं. एकच गोष्ट गिळली. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, त्याने पिसवाही मरतात. ते पाणी दिवसभर उघड्यावर ठेवून मगच बरणीत घालायचं. त्यासाठीची बादली मागच्या व्हरांड्यात बावीस वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभी होती. लोकांना वाटायचं, फरशी पुसायची आहे, आणि मावशींनी तसं वाटू दिलं.

नवीने ठरल्या दिवशी पाणी बदललं, नळाचं, ताजं. सकाळी सहाही बरण्यांच्या तळाशी नुसता पांढरट गाळ. मावशींना वाटलं होतं, एखादी बरणी जाईल, पोरीची जराशी जिरेल. परत आल्यावर घरच्या बाटलीत राखून ठेवलेल्या पिसवांवरून त्यांनी पुन्हा सगळ्या बरण्या भरल्या, आणि मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, मी तर सगळं सांगितलं होतं. नवी रडून रडून म्हणत राहिली की सांगितलं तसंच केलं. आठवड्यात तिला काढून टाकलं.

आता इकडे आड, तिकडे विहीर. पाण्याचं सांगावं, तर पिसवा कोणीही जगवेल, पण इतके दिवस झाकलेलं पाप चव्हाट्यावर येईल. न सांगावं, तर लेक एकटी बाळंत होईल. मावशी दोन दिवस धुतलेल्याच काचा पुन्हा धुवत राहिल्या. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला.

"आई, येणार नसशील तर नाही म्हण. मी शेजारणीला विचारते."

ते शेजारणीचं नाव मावशींच्या वर्मी लागलं. त्या तडक व्हरांड्यात गेल्या, भरलेली बादली उचलली आणि पाणी सांडत मोठ्या बाईंच्या खोलीत नेऊन ठेवली. म्हणाल्या, "ही फरशी पुसायची नाही." मग सगळं सांगितलं, पोटात दुखायचं तेसुद्धा.

मोठ्या बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रजेचा अर्ज मागून घेतला. त्यावर सही केली आणि म्हणाल्या की नवीला मी बोलावते, काम तिला तुम्हीच दाखवायचं, आणि हेही तुम्हीच सांगायचं. तुमचं काय करायचं ते परत आल्यावर बघू.

दुसऱ्या दिवशी नवी आली. आता ती हसरी नव्हती. मावशींची बॅग दाराशी भरून ठेवलेली, गाडी दोनची. मावशींनी तिला बादली दाखवली आणि पाण्याचं सांगितलं, मुद्दाम लपवलं होतं तेही. माफ कर म्हणायचं होतं, त्याऐवजी बादली तिच्यापुढे सरकवली. नवीने पाण्यात बोट बुडवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"मला वाटायचं, माझ्या हातातच काहीतरी वाईट आहे," ती म्हणाली. "मागच्या वर्षी मला मुलगा झाला, मावशी. तीन महिने मी त्याला अंघोळ घातली नाही. म्हटलं, आपल्या हातचं पाणी नको."

मावशींची नजर दाराशी भरून ठेवलेल्या बॅगेवर गेली. लेकीच्या बाळाला न्हाऊ घालायलाच तर त्या निघाल्या होत्या.