तीन झाकलेल्या दुपारी

मी खांबावरून बोलतोय. नागोठण्याच्या अलीकडे, महामार्गाला लागून, जमिनीखालून जाणाऱ्या गॅसवाहिनीचं एक ठाणं आहे. तारेचं कुंपण, चार मोठे व्हॉल्व्ह, फाटकाशी पहारेकऱ्याची खोली. तिथे दीड पुरुष उंचीवर मी राहतो. मला मिथेनमापक म्हणतात. वाऱ्यातला मिथेन हुंगायचा आणि दर मिनिटाला कळवायचं, एवढंच माझं काम. घरच्या सिलिंडरला येतो तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. या वाहिनीतल्या गॅसला वासच नाही. तो गळला तर माणसाच्या नाकाला पत्ता लागत नाही, म्हणून मला इथे बसवलं.

माझा जन्म पुण्यातल्या अकरा माणसांच्या कारखान्यातला. मला जोडलं ऋतुजानं. ती रोह्याची. शेवटचा स्क्रू पिळताना म्हणाली होती, "चल, आमच्या भागात नेते तुला."

डिसेंबरात माझ्यासह चार भावंडांना कुंपणाच्या चार कोपऱ्यांवर चढवलं आणि आमची परीक्षा सुरू झाली. पास झालो तर वाहिनीवरच्या सगळ्या ठाण्यांना आमच्यासारखे मापक लागणार होते. नापास झालो तर कारखान्याकडे दुसरं काम नव्हतं.

परीक्षक होते प्रविण सर. ते व्हॉल्व्हांच्या आड बसून सिलिंडरमधला गॅस लांब नळ्यांतून मोजून सोडत, कधी चिमूटभर, कधी भरपूर. वेळ फक्त त्यांच्या वहीत. ऋतुजाला ठाण्यावर यायची बंदी होती. ती पेणला भाड्याच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसे. गॅस कधी सुटला आणि किती, ते आमच्या निरोपावरून तिनं सांगायचं. मापकांजवळ कोणी जायचं नाही, असा नियम होता. तो पहारेकऱ्याला सांगायचं मात्र राहून गेलं.

पहारेकरी जनू, पेणजवळच्या जोहे गावचा. त्याची बायको सगुणा वीस वर्षं गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायची. रंग वाळला की मूर्तीवर धूळ बसू नये म्हणून पातळ प्लास्टिक पांघरायची. ती गेली त्याला वर्ष झालं. त्या प्लास्टिकची अर्धी गुंडाळी घरात तशीच राहिली होती.

दुपारी बारा वाजले की खडीचे डंपर सुरू होत आणि सगळी धूळ माझ्यावर येई, कारण रस्त्याकडचा कोपरा माझा. पहिल्याच दिवशी जनूनं मला न्याहाळलं. दुसऱ्या दिवशी शिडी लावून, माझ्या तोंडाला प्लास्टिक गुंडाळून सुतळीनं बांधलं. इतक्या हलक्या हातानं मला तोवर कोणी धरलं नव्हतं. चार वाजता डंपर थांबले की तो ते सोडायचा, झटकायचा, घडी करून खिशात ठेवायचा.

दुसऱ्या पाळीचा मुसा हसला. "काय जनूभाऊ, बाळाला टोपरं घातलंस? तीट पण लाव."

"नवीन हाय तो. धूळ गेली तर आजारी पडंल."

असं तीन दिवस चाललं. पाचव्या दिवशी प्रविण सरांनी हिशेब जुळवला. बाकीच्या तिघांनी जवळजवळ सगळं ओळखलं होतं. माझ्या कोपऱ्यात दुपारी पाच वेळा गॅस सोडला होता. मी एकदाही बोललो नव्हतो.

ऋतुजाला बोलावून घेतलं. ती माझ्याखाली उभी राहून कागद पुन्हा पुन्हा उलटत होती. "सर, याच्यावर अकरा घरं आहेत," एवढंच म्हणाली.

कुंपणाशी मुसानं जनूचा दंड धरला. "गप ऱ्हा. कोणी बघितलं नाय. तू कंत्राटी माणूस, उद्याच काढतील."

"त्या पोरीचं काय मग?"

"तिला नोकऱ्या मिळतील. तुला या वयात कोण ठेवील?"

जनूनं दंड सोडवून घेतला आणि चालत आला.

"मॅडम, मी झाकलं व्हतं याला."

"काय?"

त्यानं खिशातून घडी काढली. "डंपरची धूळ जाते म्हणून. आमच्यात गणपतीला झाकतात तसं. बारा ते चार. तीन दिवस."

ऋतुजा त्या प्लास्टिककडे बघत राहिली. रागावेल असं मला वाटलं. ती रागावली नाही.

प्रविण सर म्हणाले, "पाच चुका पाचच राहतील. कारण लिहीन. पण मला खटकतंय ते वेगळंच. तोंड बांधलेलं असताना हे यंत्र तीन दिवस 'गळती नाही' म्हणत राहिलं. त्याला कळायला नको?"

खरं होतं ते. माझ्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं आणि मी दर मिनिटाला सगळं ठीक असल्याचं कळवत होतो. जनूही, कोणी विचारलं तर, वर्षभर हेच सांगत आला होता.

ऋतुजानं माझ्या आलेखावर बोट ठेवलं. मोकळ्या हवेची रेघ कधी सरळ नसते. खाडीचा चिखल, म्हशी, भातखाचरं, सगळ्यांचा थोडा मिथेन वाऱ्यात असतोच. माझी दुपारची रेघ पट्टीनं आखल्यासारखी होती. त्या आठवड्यात तिनं मला नवं वाक्य शिकवलं: मला कळत नाही, येऊन बघा.

ठेकेदारानं जनूला चार दिवस घरी बसवलं. प्रविण सरांनी लेखी कळवलं, की नियम न सांगण्याची चूक आमची, आणि या माणसामुळे मोठा दोष सापडला. जनू परत आला.

फेब्रुवारीत फेरपरीक्षा झाली. या वेळी प्रविण सरांनीच कोणाला न सांगता माझ्यावर पिशवी चढवली. दहा मिनिटांत मी म्हणालो, मला कळत नाही. आम्ही पास झालो. माझी भावंडं आता कोलाडपर्यंत पोचलीत.

मी सुखात आहे. कधी या रस्त्यानं गेलात आणि खांबावर माझ्यासारखं कोणी दिसलं, तर मायेनंसुद्धा झाकू नका. धुळीचं आम्ही बघून घेऊ.

परवा कुंभारमाशीनं माझ्या तोंडावरच्या जाळीवर मातीचं घर बांधलं. मी लगेच कळवलं. जनू ब्रश घेऊन शिडी चढला, माझ्यापाशी क्षणभर थांबला आणि काही न करता उतरला. फाटकाबाहेर जाऊन त्यानं फोन लावला.

"मॅडम, माशीनं तोंड लिंपलंय याचं. हात लावू का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण जनू हसला आणि पुन्हा शिडी चढू लागला. मला मान असती तर मी ती त्याच्याकडे वळवली असती.