जांभळा उजेड

ओरेस्तेने मंचावर एक पाऊल टाकले, वर पाहिले आणि पाऊल मागे घेतले. मधोमध जांभळा उजेड पडला होता.

"यात मी उभा राहणार नाही," तो नीव्हेसच्या कानाशी पुटपुटला.

वाद्यवृंद थांबला. इटलीच्या वाट्याचा सरावाचा वेळ सरत चालला होता आणि उद्या संध्याकाळी गाण्यांच्या स्पर्धेत निम्मा युरोप त्यांचे युगुलगीत पाहणार होता. लग्नाच्या मेजवान्यांत, जेवणाऱ्यांच्या गोंगाटात वर्षानुवर्षे गायल्यावर नीव्हेसला हा मंच मिळाला होता.

दिग्दर्शिका सोल्वेग खालून वर आली.

"आता काय अडलं?"

"रंग," नीव्हेस म्हणाली. "आमच्याकडे रंगमंचावर जांभळा अपशकुनी. पूर्वी ईस्टरआधीच्या उपासांत पाद्र्यांचे झगे जांभळे आणि नाटकघरांना कुलूप. नटांच्या पोटावर पाय."

"तुम्ही मानता हे?"

"मी नाही. हे महाशय मानतात."

"दिवे बदलेपर्यंत तुमची वेळ संपेल. मग उद्या एकदम कॅमेऱ्यांसमोरच उभं राहावं लागेल. काय ते लवकर ठरवा."

नीव्हेसने त्याला दंडाला धरून पडद्याआड नेले.

"मांजर आडवं गेलं नाही हे नशीबच म्हणायचं. नाहीतर विमानतळावरूनच परत फिरला असतास."

एकाला दोन ऐकवणाऱ्या ओरेस्तेने नुसती कोटाची कॉलर वर ओढली. तिचा हात त्याच्या दंडावरून सैल झाला. रिमिनीच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या पहिल्या हंगामात हाच माणूस हॉटेलमालकाला चिडवायला महिनाभर जांभळा सदरा घालून गायला होता. आणि काल वादकांबरोबर बसल्यावर शेवटची वरच्या सुरातली ओळ त्याने न गाता नुसत्या हाताच्या इशाऱ्याने टाळली होती.

"वरचा सूर लाव," ती म्हणाली. "हळूच."

त्याने तोंड उघडले. नुसती हवा आली, मागोमाग खरखर. त्याने तोंड मिटले.

"कधीपासून?"

"इथे उतरल्यापासून. उद्यापर्यंत गळा सुटेल."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही."

"रेकॉर्ड कंपनीला कळलं असतं तर तुझ्याशेजारी दुसरा उभा केला असता."

"माझा सराव गेला त्याचं काय, ओरेस्ते? मी कुठे उभं राहायचं, कुठे बघायचं, काही ठाऊक नाही मला."

तिला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. तिने त्याच्या कॉलरचे बटण तेवढे लावले, नको इतके घट्ट.

"झालं का ठरवून?" सोल्वेगने विचारले.

नीव्हेस उजेडाच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली.

"नाही जमणार, बाई. खरं सांगायचं तर मीही मानते. आमची आई जांभळी फुलंसुद्धा घरात येऊ देत नसे."

"आत्ताच तर नाही म्हणालात."

"लाज वाटली सांगायला."

सोल्वेगने सुस्कारा सोडून खाली हात केला. वादकांनी पुढच्या देशाची पाने उघडली. जिन्यावरून येणाऱ्या गायकांना वाट देत नीव्हेस भिंतीशी सरकली आणि तोंड भिंतीकडे करून ओरेस्तेची वरची ओळ आपल्या गळ्यात बसते का, ते चाचपून पाहू लागली.