पाठवणीचा बाजा

नागोजी कंग्राळकर हा बेळगावपासून कोल्हापूरपर्यंतच्या मुलखातला सर्वश्रेष्ठ माउथ ऑर्गनवादक होता, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. दुसरा वादक नव्हता. जाणकारही नव्हते.

मूळचा तो कंग्राळीचा. वाट्याची जमीन भाऊबंदांनी प्रेमानं सांभाळायला घेतली, तेव्हा बायकोला, शालूबाईला, घेऊन तो निपाणीला आला आणि तंबाखूच्या वखारीत चाळणीवर लागला. तोंडानं वाजवायचा हा बाजा त्याला पहिल्या महायुद्धातून परतलेल्या एका शिपायानं दिला होता. शिपायाचे पुढचे दात बसऱ्याच्या आघाडीवरच राहिले होते, त्यामुळं त्याला त्याचा उपयोग नव्हता.

चाळणीवर खकाणा उडतो. तंबाखूची ती बारीक धूळ एकदा छातीत बसली की उठत नाही. नागोजी बाजात फुंकर मारायला गेला की खोकल्याची उबळ यायची. श्वास आत ओढला तर येत नसे. म्हणून तो सगळं आत ओढूनच वाजवायला लागला. अशानं सूर सरळ निघत नाही. वाकतो, खाली घसरतो, कुणी हुंदका गिळावा तसा. शिकलेले लोक याला शैली म्हणाले. डॉक्टर दमा म्हणाले.

असल्या सुरावर वरात निघणं शक्य नव्हतं. पण आमच्याकडं पाठवणीला लोक रडले नाहीत तर मुलीच्या माहेराची अब्रू जाते, आणि सगळ्याच घरांत रडण्याइतकं प्रेम असतं असं नाही. नागोजीचं बस्तान तिथं बसलं. त्यानं पार्टी काढली. ढोलावर मष्णू, झांजेवर दोघं, सगळे वखारीतलेच. सगळेच खोकत. तो खोकला तालात बसवणं हे मष्णूचं काम. लग्नात सनई दुसऱ्यांची असे. हे मांडवामागं बसून राहत आणि नवरी गाडीत चढायला लागली की पुढं येत.

"आरं, लगीन हाय का मयत?" नवऱ्याचा बाप ओरडायचा.

"तुम्हास्नी पोरगी न्ह्यायची हाय, आम्हास्नी द्यायची हाय. गप ऱ्हावा, पाव्हणं!" नवरीचा बाप सुनवायचा.

वर्षानुवर्षं त्यानं चिकोडीपर्यंतच्या पोरी रडवून सासरी घातल्या. मग एका पाठवणीत बाजातून रक्त आलं. बेळगावला कँपातल्या डॉक्टरांनी सांगितलं, बाजा सोड, नाहीतर वर्ष काढणार नाहीस. वखार सोड असं सांगायचं त्यांना सुचलं नाही.

मुलगी मालू तेव्हा लहान होती.

"मालूच्या पाठवणीला कोण वाजवणार गं?" नागोजीनं विचारलं.

"सनईवालं हायत की."

"त्यास्नी कोण रडतंय?"

"मी हाय रडायला. तुम्ही बाजा ठिवा," शालूबाई म्हणाली.

त्यानं ठेवला. पण त्याच सुमारास एक रेकॉर्ड कंपनी यंत्र घेऊन बेळगावच्या एका लॉजात उतरली. तिचे एजंट उपेंद्रराव वकील निपाणीला आले.

"नागोजी, रेकॉर्ड म्हणजे अमरत्व!"

"किती मिन्टांचं?"

"तीन."

"मालूच्या लग्नात वाजंल ती?"

"कधीही, कुठंही. फक्त खोकायचं नाही. मेणावर एकदा उमटलं की उमटलं."

"तीन मिन्टं खोकला दाबला तर ह्यो मानूस मरंल, सायेब," शालूबाई म्हणाली. उपेंद्रराव दिलखुलास हसले. ग्रामीण विनोद त्यांना आवडायचा.

सर्व्हिस मोटारीनं पार्टी बेळगावला गेली. लॉजातल्या खोलीच्या भिंतींना गाद्या टांगल्या होत्या, खिडक्या बंद होत्या. नागोजीनं श्वास ओढला. मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या. त्याच्याकडं बघताना मष्णूचा एकदा ताल चुकला. शेवटचा सूर खाली घसरत संपला. यंत्रावरच्या माणसानं सुई उचलायच्या आत नागोजी दोनदा खोकला.

"पुन्हा घ्यावं लागेल," यंत्रावरचा माणूस म्हणाला.

नागोजीनं तोंड पुसलेला टॉवेल दाखवला. मग कुणी पुन्हा म्हणालं नाही.

रेकॉर्ड छापून निपाणीत यायच्या आत तो गेला. मयताला बाजा नव्हता. वाजवणारा तोच होता. रेकॉर्डही फारशी खपली नाही. घरबसल्या रडायला पैसे कोण मोजतो?

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत मालूचं लग्न ठरलं. मष्णूनं एका व्यापाऱ्याच्या हातापाया पडून ग्रामोफोन आणला आणि मांडवाच्या दारात स्टुलावर ठेवला. मालू गाडीत चढायला लागली तशी त्यानं सुई टेकवली. सूर वाकला, घसरला. गल्लीतल्या बायका पदरात तोंड घालून रडल्या. नवऱ्याच्या बापानं फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. एवढी चांगली पाठवणी त्या गल्लीत आधी कधी झाली नव्हती. शेवटचा सूर संपला आणि कर्ण्यातून दोनदा खोकल्याचा आवाज आला.

शालूबाईनं मालूचा हात सोडला आणि ती गर्रकन वळली. "आरं, पानी द्या की त्यास्नी कुनीतरी!"

सुई नुसतीच घरघरत राहिली. गाडी निघाली.

मालूचं सासर दोन गल्ल्या पलीकडं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विळी न्यायला आली.