घासलेली पोथी

बत्तीस वर्षं दर शुक्रवारी मी चिंच लावून पोथी घासली, आणि एका दुपारी मला कळलं की मी कोण्या राजाचं नावच पुसून टाकलं.

सांगते. आमच्या अमरावतीच्या घरी देवघरात तांब्याचे तीन जाड पत्रे आहेत. एका कडीत ओवलेले, मधे तेल-कुंकवाचं किटण बसून तिन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेले. सासूबाई त्याला पोथी म्हणायच्या. मी लग्न होऊन आले तशी म्हणाल्या, "चारुशीला, पोथी आरशासारखी दिसली पाहिजे." दिसायची हो! मी हातात घेतलेलं भांडं काळं राहील, शक्य आहे का?

गेल्या महिन्यात शेजारीण मला ओढून कॉलेजातल्या भाषणाला घेऊन गेली. अकोल्याची पायल तायडे म्हणून प्राध्यापक आहे, जुने लेख वाचते. तिनं पडद्यावर ताम्रपट दाखवला. राजानं गाव दान दिलं की असं तांब्यावर कोरून द्यायचे म्हणे. पाहते तर काय, तशीच कडी, तेवढेच पत्रे! फक्त त्यांच्यावर ओळीच्या ओळी अक्षरं होती. आमची पोथी दोन्हीकडून गुळगुळीत, टिकली लावायला आरसा म्हणून चालेल अशी.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. आमचे हे, गोपाळकृष्ण, पूजा सांगतात. देवासमोर गोड, घरात फटकळ.

"मग काय! तूच घासून सपाट केली," हे म्हणाले. "पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं तू चिंचेत घालवलं."

मी एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई. पण त्या दिवशी ह्यांचं बोलणं पटलं. खरंच तर होतं. दोन दिवस पोथीला हातच लावला नाही. शेवटी शेजारणीकडून नंबर घेऊन पायलला फोन केला, तो गुन्हा कबूल करायलाच.

ती दुसऱ्याच दिवशी अकोल्याहून आली. पोथी मऊ कापडावर ठेवली, भिंग लावून वरून पाहिली, उलटी करून पाहिली.

"बाहेरून काहीच नाही, काकू."

"माहीत आहे मले," मी म्हटलं.

मग तिनं बांबूची बारीक काडी काढली आणि फटीतलं किटण थेंब थेंब पाण्यानं भिजवत कोरायला बसली. तास गेला, दीड तास गेला. हे डोक्याशी उभे. "वाकवू नका हो, जपून!" एवढंच चाललेलं. मी तर देवाला म्हणत होते, एक अक्षर ठेव रे बाबा, एकच.

कट्ट आवाज झाला. वरचा पत्रा कडीवर पानासारखा उलटला.

अगं बाई! आत हिरवटलेल्या तांब्यावर अक्षरंच अक्षरं. दाटीनं बसलेली, प्रत्येकाच्या डोक्यावर इवलीशी चौकोनी पेटी. जशी काल कोणी कोरून ठेवली.

"काकू, तुमी काहून घाबरल्या होत्या?" पायल हसून राहिली होती. "बाहेरची बाजू कोरीच ठेवायचे हे लोक. हात लागणार, घासल्या जाणार, हे त्याईले ठाऊक होतं. तुमी काहीच पुसलं नाही."

सोळाशे वर्षांपूर्वीच्या कोण्या कारागिरानं माझ्या हाताचा विचार करून ठेवला होता.

मग ती बोट फिरवत वाचायला लागली. हे दान राजाचं नव्हतंच. वाकाटकांची राणी होती, प्रभावतीगुप्ता. नवरा वारला, पोरं लहान, तर हिनं आपल्या या वऱ्हाडावर राज्य चालवलं.

"आणि हे पाहा. सासरच्या वाकाटकांचं घराणं आधी यायले पाहिजे न? हिनं माहेरच्या गुप्तांचं सांगितलं. घटोत्कच, चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, मग पुन्हा चंद्रगुप्त. तो हिचा बाप."

ज्या बाईचा शब्द बापाच्या मगधापर्यंत मानला जायचा, ती माझ्या देवघरात, माझ्या चिंचेच्या हाताखाली, तोंड मिटून बसली होती. मी आपोआप हात जोडले.

जाताना पायलनं वही काढली. "ताम्रपट कोणाच्या घरचा?"

ह्यांनी ताठ होऊन आपलं नाव, आडनाव, गोत्र सगळं सांगितलं.

"आणि सांभाळला कोणी?"

हे वळले. माझ्याकडे पाहिलं, मग त्या उघड्या पत्र्याकडे.

"हिनं," हे म्हणाले. "पण आधी हिच्या वडिलांचं नाव लिहा. वामनराव, चांदूर बाजारचे. मग हिचं."

बत्तीस वर्षांत त्या घरात माझ्या बापाचं नाव पहिल्यांदा कोणी घेतलं. मी पदर तोंडाशी धरला आणि हमसून हमसून रडले.