शालूचा उजवा हात

१९७४ चा वैशाख. शालूचा भाऊ मानसिंग पलटणीतून सुटीवर आला, तो तिच्या लग्नासाठी संत्र्याच्या अत्तराची बाटली घेऊनच. मांडवात उकडणार, नवरीला ताजा वास हवा.

मनुबाईने, म्हणजे दोघांच्या आत्याने, बाटली हुंगली. "गोड हाय रं. घामात चिकट हुईल. उन्हाळ्याला कागदी लिंबूच."

"आत्ती, नवरी हाय, सरबत न्हवं!" मानसिंग हसला.

"मग बघू की, कुनाचा वास बरा!"

शालूने उजव्या मनगटाला अत्तर लावलं. डाव्या मनगटावर आणि मानेवर आत्तीने हिरव्या लिंबाची साल चोळली. मग दोघी अंगणात पापड वाळवायला बसल्या. संत्र्याचा वास हळूहळू जड झाला. लिंबाचा मोकळा, पण लगेच उडून जाणारा. तो उडाला की आत्ती नवी साल घेई. ऊन उतरेपर्यंत हेच चाललं.

दोन दिवसांनी शालूचं डावं मनगट लालबुंद झालं. मग त्यावर पाण्याचे फोड आले. मानेवरही.

त्या उन्हाळ्यात देवीचे रोगी शोधणारी माणसं चित्रं दाखवत गावोगाव फिरत होती. शालूच्या आईने, लीलाबाईने, फोड पाहिले आणि चुलीवरची फोडणी खाली उतरवली. देवी आलेल्या घरात तळण-फोडणी चालत नाही. तिने दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला.

"डॉक्टर आणू?" मानसिंगने विचारलं.

"आन् गावभर कर. आज विट्यास्नं तिच्या सासरची मानसं साडी घेऊन येनार हायती. त्यांना कळलं तर लगीन मोडंल."

"आगं आय, मग ह्यो डहाळा कशाला बांधला?"

"देवीचा मान न्हाई राखायचा व्हय?"

मनुबाईच्या बोटांवरही फोड होते. सकाळपासून ती हात पदराखाली लपवत होती. आता तिने शालूचा उजवा हात ओढून उजेडात धरला. कातडी स्वच्छ, एक डाग नाही.

"वहिनी," ती म्हणाली, "देवी एकच हात धरून येती व्हय? जितं लिंबू, तितंच फोड. लिंबू लावून आमी उन्हात बसलो!"

तेवढ्यात जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. नवऱ्या मुलाचे चुलते हंबीरराव साडीचं गाठोडं काखेत धरून चालत आले. दारातला डहाळा पाहून जागीच थबकले.

मनुबाई धावली. तिने डहाळा ओरबाडून काढला आणि तसाच मुठीत धरून दोन्ही हात त्यांच्यापुढे पसरले.

"आवं पावनं, देवी न्हाई! लिंबू बाधलंय नुसतं! ह्ये बघा, माज्या बी हाताला!"

हंबीररावांनी तिच्या बोटांवरचे टपोरे फोड पाहिले. उपरणं नाकाला लावलं. एक पाऊल मागे, मग दुसरं.

"आवं, तिचा उजवा हात तरी बघा!" ती ओरडत राहिली.

जीप उलटी फिरली. दारादारांतून बायका बाहेर डोकावल्या आणि एकेक दार लागत गेलं. शालू उंबऱ्यात उजवा हात पुढे करून उभी होती.