देव खाली उतरवले

नातीनं जीभ दाखवावी म्हणून हरणाबाईनं आधी आपलीच बाहेर काढली. मग शिवकन्यानं काढली. चार वर्षांची पोर, खोकला किरकोळ. पण वाशीच्या तालुका दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण औषध लिहून थांबेना. तिनं दुसरा कागद ओढला.

"घरात माणसं किती, आजी?"

"पाच. आन साठ मेंढरं."

"दारू कोण पितं?"

"अगं बया! च्यासुदीक बेतानं पितेत."

"भांडणं? पोरीवर कोण हात उचलतं?"

हरणाबाई सावरून बसली. एवढी खोदून चौकशी तिनं फक्त सोयरीक जुळवताना ऐकली होती. डॉक्टरणीच्या गळ्यात काळी पोत नाही, हे तर तिनं दारातच हेरलेलं. मेंढरांमागं फिरतो म्हणून धाकट्या लेकाला, मल्हारला कुणी पोरगी देईना, आणि इथं पोरगी आपल्या तोंडानं घर विचारत होती!

पंखा संथ फिरत होता. निळा पडदा फुगला, तशी हरणाबाईही अलगद वर तरंगली. डॉक्टरीण पदर खोचून कोकराला दूध पाजतीय. साठच्या साठ मेंढरं रांगेत उभी राहून जिभा दाखवताहेत. मल्हार फेटा बांधून नंबर पुकारतोय...

"आजी? चूल कुठंय?"

"वट्यावर. तुमाला वाकावं लागायचं न्हाय."

डॉक्टरीण जरा गडबडली. "हौदाला झाकण?"

"आजच बसवते."

"आणि मेंढरांचं गोचिडाचं औषध? ते कुठं ठेवता?"

आता हरणाबाई ताठ झाली. "थंड्याच्या बाटलीत भरून, वर देव्हाऱ्यात. देवापशी कोण हात लावतंय?"

"मी लावते की," शिवकन्या म्हणाली. "डब्यावर चढून. खडीसाखर तिथंच असती."

डॉक्टरणीचं पेन थांबलं.

"म्हणून विचारते, आजी," ती हळूच म्हणाली. "मागच्या महिन्यात एवढीच एक पोर आणली होती. त्यांनीपण बाटली जपूनच ठेवली होती."

हरणाबाईनं नातीचा हात घट्ट धरला. खडीसाखरेनं चिकट होता.

संध्याकाळी मल्हार मेंढरं कोंडून आत आला, तर देव्हारा रिकामा. बिरोबा खाली पाटावर, पुढ्यात खडीसाखरेची वाटी. होणाऱ्या धाकट्या सुनेसाठी सात वर्षं जपलेल्या साड्या दोरीवर पडलेल्या, आणि त्यांच्या ट्रंकेला भलंमोठं कुलूप.

"आय, देव खाली का उतरवलं?"

"पोरीचा हात पुराया पायजे."

"आन ट्रंकेत काय?"

"बाटली." हरणाबाईनं किल्ली कमरेला खोचली.

"मग साड्या?"

"लागू दे पोरीच्या हाती."

लागल्याच होत्या. हिरवी साडी अंगाभोवती गुंडाळून शिवकन्या पाटासमोर मांडी घालून बसली होती. गालात खडीसाखर.

"जीभ दाखव," ती बिरोबाला म्हणत होती. "आन औषध कुठं ठिवतूस ते सांग."